पहिली मोजणी

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या उगवण प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर सोयाबीनच्या पन्नास बिया ओळींनी मांडायच्या, वरून दुसरा ओला कागद घालायचा, त्याची सैलसर गुंडाळी करायची, बाहेरून मेणकागद लावायचा आणि २५ अंश तापमानाच्या कपाटात ती उभी ठेवायची. अशा आठ गुंडाळ्या, म्हणजे ४०० बिया, हा एका नमुन्याचा हिशेब. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मधल्या दिवसांत गुंडाळी उघडायची नाही. नव्यानं लागलेल्या मुली तिसऱ्या दिवशी हमखास कागदाचं टोक उचलून आत डोकावतात. त्यांना सांगावं लागतं, की बघितल्यानं बी लवकर उगवत नाही; ओल मात्र उडते आणि कोवळा मोड मोडतो.

सोळा वर्षं मी हे दुसऱ्यांना सांगत आले. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत तेच कळायला सव्वीस आठवडे लागले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा चालायला बाहेर पडले आणि डिसेंबरात संभाजीनगरला दहा किलोमीटरची शर्यत पळाले. त्या सव्वीस आठवड्यांची ही हकीकत. वजन उतरवायला म्हणून जी बाई पहिल्यांदा बूट घालून पहाटे दाराबाहेर पडते, तिच्या काही कामी यावी म्हणून लिहिते आहे.

सुरुवात झाली ती रक्ताच्या रिपोर्टनं. वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर मानतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा ६.१ होता. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. माझ्या आईनं हा उंबरठा कधी ओलांडला ते कुणाला कळलंच नाही; कळलं तेव्हा पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. त्यामुळे त्या ६.१ समोर मी बराच वेळ बसून राहिले. हिमोग्लोबिनही १०.४ निघालं, ते १२ तरी हवं. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. वजन जास्त आणि रक्त कमी, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत नांदू शकतात हे मला तेव्हा उमगलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर चालतील, असं बजावलं. हृदयाची तपासणी करून घेतली आणि म्हणाले, "चाला. जमेल तेव्हा पळा. पण घाई करू नका."

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. जाऊबाई दीक्षितांच्या पंथातल्या. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेला तो नेम महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही खायचं नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. नणंदबाई ऋजुता दिवेकरांच्या बाजूच्या: उपाशी राहायचं नाही, थोड्या थोड्या वेळानं घरचं ताजं खायचं, तुपाला भ्यायचं नाही. २०१८च्या सुमाराला लग्नाच्या पंगतीतसुद्धा या दोन बाजूंवरून वाद रंगायचे. मी दोघींचं ऐकलं आणि दोघींकडून एकेक गोष्ट उचलली. दीक्षितांकडून चालण्याचा हिशेब घेतला, कारण ताशी सहा किलोमीटर हा वेग नेमका आहे, त्यात पळवाट नाही. दिवेकरांकडून ज्वारीची भाकरी, वरण आणि घरचं ताक ताटात ठेवायची मुभा घेतली. आणि स्वतःच्या डोक्यानं प्रयोगशाळेतला चार वेळचा साखरेचा चहा एका वेळेवर आणला.

साडेचार किलोमीटर ४५ मिनिटांत हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मला ५४ मिनिटं लागली. मोती तलावाच्या बाजूनं निघायचं आणि मैदानाला दोन फेऱ्या घालून परतायचं, हा माझा रस्ता. पहाटे पाचला जालना वेगळंच असतं. औद्योगिक वसाहतीच्या दिशेला सळई गिरण्यांच्या भट्ट्यांचा तांबूस उजेड आभाळावर दिसतो, रात्रपाळीची माणसं सायकलवरून परतत असतात, आणि मैदानावर पोरं पळत असतात.

ही भरतीची पोरं. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडच्या गावांतून येऊन शहरात खोली करून राहणारी. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची, त्यात मुलांना १६०० मीटर. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २०, वर जाल तसे गुण उतरत जातात. मुलींना ८०० मीटर. पोरांनी फक्कीनं आखलेली ४०० मीटरची वाट पावसात पुसली जायची, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुन्हा आखायचं. घड्याळ एकाच्याच हातात असायचं आणि तो काठावरून आकडे ओरडायचा. जालन्यात पळण्याचं शास्त्र शिकायचं तर त्याची शाळा हीच.

चालण्याचा हिशेब तीन आठवड्यांत जमला. चौथ्या आठवड्यात मी पळायला सुरुवात केली आणि मला वाटत होतं तशी पळाले, म्हणजे जमेल तितक्या जोरात. अर्ध्या फेरीत छाती भरून आली, तोंडाला कोरड पडली आणि कानात ठोके ऐकू यायला लागले. गुडघ्यांवर हात टेकून उभी होते तेव्हा घड्याळवाला पोरगा जवळ आला.

"मावशी, लई जोरात पळू राहिल्या तुम्ही."

मला वाटलं चुकून ऐकलं. पोरं तर माझ्या तिप्पट वेगानं जात होती.

तो म्हणाला, "पळताना बोलता यायला पाहिजे. तुमचं नाव, गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं एका दमात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर हळू करा. आमच्या सरांनी आम्हाला पहिले दोन महिने असंच पळवलं."

त्या दिवसापासून माझी मोजपट्टी तीच. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. पळताना मनातल्या मनात नाही, तर खरंच ओठ हलवून पत्ता म्हणायचा. दम तुटला की वेग कमी. शेजारून चालणारे आजोबा माझ्या बरोबरीनं यायचे इतका तो वेग कमी असायचा. पण एका आठवड्यात एकाचं दीड मिनिट झालं, मग दोनाला दोन, मग तीनाला एक. जुलैच्या शेवटी मी वीस मिनिटं न थांबता पळाले. माझ्या आयुष्यात, शाळेतसुद्धा, मी कधी वीस मिनिटं सलग पळाले नव्हते.

हळू पळण्याचं कारण पुढे वाचून समजलं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. हाडं, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र महिनोन्महिने घेतात. म्हणजे दम वाढतो तेव्हा पाय अजून मागेच असतात. पळताना पाऊल टेकतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्या एका पायावर येतो. ८२ किलोच्या बाईच्या पायावर दोनशे किलोच्या आसपास. मिनिटाला १६० पावलं धरली तर चाळीस मिनिटांत दोन्ही पायांवर मिळून ६४०० वेळा.

हे मी आकड्यांत वाचण्याआधी नडगीत अनुभवलं. वीस मिनिटं जमली म्हणून लगेच पुढच्या आठवड्यात पस्तीस केली. दोन दिवसांनी डाव्या नडगीच्या आतल्या कडेनं ठणका सुरू झाला. जिना उतरताना कळ यायची. बोटानं दाबलं की वीतभर लांबीची जागा दुखायची. डॉक्टरांनी बघून सांगितलं, की एकाच ठिकाणी बोटभर जागा दुखत असती तर हाडाला बारीक चीर आहे का ते तपासावं लागलं असतं. लांब पट्ट्यात दुखतंय म्हणजे ताण आहे, विश्रांती द्या. दहा दिवस पळणं बंद.

त्या दहा दिवसांत खरिपाचे शेवटचे नमुने आटपत होते. गोदामात पोती उतरवणाऱ्या माणसाला मी नेहमीसारखी सांगत होते, "दादा, सोयाबीन आहे, आपटू नका." सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पोतं उंचावरून टाकलं तर वरून काही दिसत नाही, पण आतला अंकुर दुखावतो आणि उगवण घसरते. पिशवीवर किमान ७० टक्के उगवण लिहिणं कायद्यानं भाग आहे. एका आपटण्यानं तो आकडा हातचा जाऊ शकतो. वाक्य बोलून झालं आणि मी क्षणभर थांबले. जो जपणुकीचा नियम मी पोत्याला लावत होते तो माझ्या पायांना लावला नव्हता. मग पळताना पाऊल पुढे फेकायचं सोडलं. लहान पाऊल, शरीराच्या बरोबर खाली, अलगद टेकवायचं. आवाज ऐकायचा. थप्प असा आवाज आला की काहीतरी चुकतंय.

बुटांचंही तेव्हाच कळलं. मी चालण्याचे जुने बूट वापरत होते, टाच एका बाजूनं झिजलेली. नवीन बूट संध्याकाळी जाऊन घेतले, कारण दिवसभरानं पाऊल थोडं फुगतं आणि पळतानाही फुगतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. आणखी एक गोष्ट बायका एकमेकींना सांगत नाहीत म्हणून इथे लिहिते. पळण्यासाठीची घट्ट, रुंद पट्ट्यांची ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याविना छाती आणि पाठ दोन्ही दुखतात आणि पुष्कळ जणी त्यापायीच पळणं सोडतात. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात, त्यावर निघण्याआधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की भागतं. यात लाजण्यासारखं काही नाही. जड शरीर घेऊन पळणाऱ्या प्रत्येकीला यातून जावं लागतं.

ऑगस्टमध्ये मैदान चिकट झालं. आमची काळी माती पावसात बुटाला धरते, दहा पावलांत प्रत्येक पायाखाली अर्धा किलोचा थर. मग डांबरी रस्ता धरला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या पहाटे येतं त्या पहाटे भांडी भरणं आधी, पळणं नंतर. कुत्री पाठीमागे लागली की पळायचं नाही, थांबून उभं राहायचं, हे दूधवाल्या काकांनी शिकवलं. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "बाई, लोक काय म्हणतील?" लोक खरोखरच बघायचे. महिनाभरानं बघणं थांबलं. दोन महिन्यांनी गल्लीतल्या दोघीजणी फाटकाशी उभ्या राहून विचारायला लागल्या, "उद्या किती वाजता निघणार?"

आता वजनाचं सांगते, कारण मी पळायला लागले ती त्याच्याचसाठी.

पहिल्या तीन आठवड्यांत अडीच किलो उतरलं. मी हरखून गेले. पुढचे पाच आठवडे काटा हललाच नाही, एकदा तर सातशे ग्रॅम वर गेला. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे, कधी पळून आल्यावर पुन्हा. त्या आकड्यावर दिवसाचा स्वभाव ठरायचा. घरात मुलांना विनाकारण रागवायचे.

कारण साधं होतं. शरीर पिठूळ पदार्थांपासूनची साखर स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. म्हणून पहिले किलो झटपट उतरतात. पळण्याचा सराव वाढला, की दमलेले स्नायू पुन्हा पाणी धरतात. बाईच्या शरीरात महिन्याच्या चक्रानंही किलो-दीड किलो पाणी वरखाली होतं. रोजचा काटा चरबीपेक्षा पाण्याचीच खबर जास्त देतो.

दुसरा हिशेब मी पाटीवर मांडला. एक किलोमीटर पळायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन ८२, म्हणजे पाच किलोमीटरला ४१० कॅलरी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. भागाकार केला तर उत्तर जवळजवळ १९. एकोणीस दिवस रोज पाच किलोमीटर पळायचं आणि त्या दिवसांत एक घासही जास्त खायचा नाही, तेव्हा एक किलो. बेसनाच्या एका लाडवात दीडशे-दोनशे कॅलरी सहज असतात. पळून आल्यावर "आज तर पळाले" म्हणून दोन लाडू खाल्ले की सकाळचं पळणं हिशेबातून पुसलं गेलं.

हा भागाकार पाहून आधी मन खट्टू झालं. नंतर त्यानंच मला मोकळं केलं. वजन उतरतं ते मुख्यतः ताटात, आणि पळण्याला ताटाची वसुली करायला लावायची नाही, हे त्यातून नक्की झालं. तोवर मी पळणं खाण्याची शिक्षा म्हणून भोगत होते: काल पुरणपोळी झाली, आज जास्त पळ. ज्या कामाला रोज शिक्षा म्हणून जावं लागतं ते काम माणूस किती दिवस करणार? मी दोन वह्या केल्या. एक ताटाची, एक पायांची. काट्यावर उभं राहायचं फक्त रविवारी सकाळी, आणि तुलना करायची चार रविवारांपूर्वीच्या आकड्याशी. गुंडाळी उघडायची ती ठरल्या दिवशीच.

ताटाच्या वहीची खरी परीक्षा श्रावण लागला तेव्हा होती. आपल्या उपासात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, सगळं जड. मी सोमवारचा उपास सोडला नाही. खिचडीऐवजी भगर आणि ताक घेतलं, वर राजगिऱ्याची एक वडी. गणपतीत उकडीचे मोदक दोन खाल्ले, मन लावून खाल्ले आणि वहीत लिहिले. घरातल्या सगळ्यांसाठी तळायचं आणि स्वतः बाजूला बसायचं, असं व्रत मी घेतलं नाही. सण जेवणाचा असतो. वर्षातले सणाचे दिवस बोटांवर मोजता येतात. वजन वाढलं होतं ते उरलेल्या दिवसांच्या चहा-बिस्किटांनी आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं संपवण्यानं.

मैदानावरच्या पोरांचं दैवत म्हणजे अविनाश साबळे. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. त्याचं वजन मधे बरंच वाढलं होतं आणि ते २० किलोंनी उतरवून तो पुन्हा पळायला लागला, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. पुढे २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ला हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण. ही वीस किलोंची गोष्ट पोरांनी मला कौतुकानं सांगितली. तीन महिन्यांत वीस किलो, असं ती सांगितली जाते. मला त्यातून धीर मिळाला, पण तो वेग मी घेतला नाही. विशीतल्या जवानाचं शरीर, दिवसभराची कसरत आणि मागे उभा असलेला प्रशिक्षक, यातलं माझ्याजवळ काही नव्हतं. माझ्यासाठी आठवड्याला पाव किलो ठीक होतं.

मनात जास्त घर केलं ते बारामतीच्या लताबाई करे यांनी. २०१३ साली साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी मॅरेथॉनच्या रस्त्यावर उतरल्या, नऊवारीत आणि अनवाणी, आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२०मध्ये आलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. मला नेहमी वाटतं, आपल्याकडच्या बायकांना पळता येत नाही असं कुणी म्हणू नये. शेतात, पाण्याला, एसटी गाठायला त्या आयुष्यभर पळत आलेल्या असतात. स्वतःसाठी पळायला तेवढा त्यांना वेळ मिळालेला नसतो.

ऑक्टोबरमध्ये लांब पल्ल्याचे रविवार सुरू झाले. आठवड्यात तीन दिवस पळणं: दोन दिवस अर्धा तास, रविवारी लांब. सहा किलोमीटर, सात, पुन्हा सहा, मग आठ. उरलेल्या दिवसांत एक दिवस पूर्ण विश्रांती आणि बाकी दिवस सूर्यनमस्कार. आमचा जिल्हा समर्थांचा. त्यांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात. रोज बाराशे नमस्कार घालण्याची त्यांची कथा माझ्या वडिलांनी आम्हाला शंभरदा सांगितली असेल. मी बारा घालत होते. पण त्या बारांनी मांडीचे मागचे स्नायू आणि पाठ मोकळी झाली आणि नडगी पुन्हा दुखली नाही.

त्याच महिन्यात जाऊबाईंबरोबर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी गेले. जालन्याहून पंचवीस-एक किलोमीटर. अंगारकीला हा रस्ता रात्रभर माणसांनी भरून वाहतो. त्या दिवशी गर्दी बेताची होती. पूर्वी मी दोनदा अर्ध्यातून गाडीत बसले होते. यंदा पोचले. पायाला फोड आले नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर उभी राहिले. वाटेत एक म्हातारी माझ्यापुढे चालत होती, काठी टेकत, एका लयीत. तिनं तासाभरात वेग वाढवला नाही की कमी केला नाही. मी तिच्या मागे चालत राहिले आणि पळण्याच्या कुठल्याही धड्याइतकं त्यातून शिकले.

दिवाळीत काटा सहाशे ग्रॅम वर गेला. वहीत लिहिलं आणि पुढच्या रविवारपर्यंत पान मिटलं.

शर्यतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरला नणंदेकडे मुक्काम केला. रात्री वरण-भात, थोडी भाजी. नवीन काही खायचं नाही, नवीन काही घालायचं नाही. पहाटे एक केळं आणि पाणी. सदऱ्यावर क्रमांकाचा कागद चार पिनांनी लावताना हात थरथरत होते. नणंदेनं पिना लावून दिल्या.

सुरुवातीच्या कमानीपाशी ढोल वाजत होते. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. शिट्टी झाली आणि गर्दी उसळली. मीही उसळले. पहिला किलोमीटर ७ मिनिटं १० सेकंदांत गेला. सरावात माझा वेग साडेआठचा. पाय हलके वाटत होते आणि तोच धोका असतो. मी ओठ हलवले: नाव, गाव, तालुका... जिल्ह्यापर्यंत पोचण्याआधी श्वास तुटला. मग रस्त्याच्या कडेला आले आणि वेग कमी केला. माझ्या बाजूनं माणसं पुढे जात होती, शेकड्यांनी. ती जाऊ देणं हे त्या दिवसातलं सगळ्यांत कठीण काम होतं. तिसऱ्या किलोमीटरला जिल्ह्याचं नाव एका दमात म्हणता आलं.

पाचव्याला पाणी, दोन घोट, चालत. सातव्यानंतर रस्ता हलकासा चढत गेला. सरावात मी आठच्या पुढे कधी गेले नव्हते. पोटऱ्या दगड झाल्या. पुढचं अंतर बघवेना. तेव्हा मी पावलं मोजायला लागले, हाताला सवय आहे तशी: पन्नास. पन्नास झाली की एक गुंडाळी. आठ गुंडाळ्या झाल्या की एक नमुना, साधारण तीनशे मीटर. सोळा वर्षं मी बिया पन्नासांत मोजल्या आहेत, ते मोजणं डोक्याला शीण देत नाही. एक नमुना, दुसरा, तिसरा. आठवा किलोमीटर गेला. नववा गेला. शेवटच्या वळणावर नणंद दिसली, तिनं माझं नाव ओरडलं, आणि मला तिच्याकडे बघून हात हलवता आला एवढा दम शिल्लक होता.

१ तास २४ मिनिटं ३८ सेकंद.

कमानीपलीकडे मी रस्त्याच्या कडेला बसले आणि रडले. पदक गळ्यात होतं, पण रडू त्याचं नव्हतं. आईचे पाय आठवले. शेवटची दोन वर्षं तिला न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागायचं. माझे पाय थरथरत होते, ठणकत होते, आणि ते माझ्या मालकीचे होते.

त्या रविवारी वजन होतं साडेपंचाहत्तर. सव्वीस आठवड्यांत साडेसहा किलो. कंबर १०१ची ९२. हिमोग्लोबिन ११.९. साखरेचा आकडा ५.८, म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण आता पाऊल आतल्या बाजूला वळलेलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

सोमवारी कामावर गेले. जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. टेबलावर सोयाबीनचा एक नमुना पाचव्या दिवसाचा होता. गुंडाळी उलगडली. पन्नासातली एकेचाळीस रोपं सरळ, पांढरीशुभ्र मुळं, उघडलेल्या दोन पाकळ्या. ती मोजून काढून घेतली. उरल्या नऊ बिया. त्यातल्या दोन कुजलेल्या. बाकी सातांत कुणाचं टरफल नुकतं फुटलेलं, कुणाचा मोड नखाएवढा. नवीन मुलीनं विचारलं, "मॅडम, या मेलेल्यांत लिहू का?"

"नाही," मी म्हटलं. "ही पहिली मोजणी आहे."

मंगळवारी पहाटे मैदानावर गेले, फक्त चालायला. घड्याळवाला पोरगा पळत होता. त्याची मैदानी चाचणी त्याच आठवड्यात झाली होती आणि १६०० मीटरला त्याला चौदा सेकंद जास्त लागले होते. माझं पदक बघायला म्हणून थांबला, हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, परत दिलं. मग म्हणाला, "मावशी, आकडे सांगता का? आज घड्याळ धरायला कुणी नाही."

मी घड्याळ घेतलं आणि काठावर उभी राहिले. तो फक्कीच्या रेघेवर वाकून उभा राहिला. सातांची गुंडाळी तिकडे कपाटात उभी होती, अजून दोन दिवस तिला हात लावायचा नव्हता.